मालकाची आई

आमच्या घरात फ्रान्सचे राजे शिरले ते नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातून. पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा. दुबईतल्या आमच्या शाळेत निम्मा वर्ग मल्याळी, उरलेले गुजराती, सिंधी, पंजाबी आणि औषधाला आम्ही दोन-तीन मराठी. सगळ्यांनी मिळून पाठ काय करायचं, तर सोळाव्या लुईचं मुंडकं कसं उडवलं! परीक्षा झाली आणि बाकीच्या मुलांनी लुईला सोडून दिलं. मला मात्र तो चिकटला. मुंडकं उडण्याआधी हा माणूस होता कोण, याचा बाप कोण, आजा कोण, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. त्यात माझी दुसरी भाषा फ्रेंच. तीही हौसेनं घेतलेली नव्हे, 'फ्रेंचला मार्क मिळतात, हिंदीत कापतात' या आईच्या धोरणामुळे. फ्रेंचच्या बाईंनी माझं वेड बघितलं आणि घरचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक मला वाचायला दिलं. फ्रान्सचे झाडून सारे राजे, राण्या, सरदार-उमराव त्यात होते. ते मांडीवर घेऊन स्कूलबसमध्ये बसलं की उतरताना पाय बधिर झालेले असायचे.

आम्ही तेव्हा डिस्कव्हरी गार्डन्समध्ये नुकते राहायला आलो होतो. तिथल्या इमारतींच्या गटांना बागांची नावं आहेत आणि आमच्या गटाचं नाव मुघल. बाबा सांगलीचे, त्यामुळे गावाकडच्या कुणालाही पत्ता सांगताना ते 'मुघल' हा शब्द जरा पुटपुटूनच उच्चारायचे. एक बेडरूम, एक हॉल, वीतभर बाल्कनी. बाबा जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर, पहाटेच बाहेर पडायचे. आई एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, ती संध्याकाळी यायची, आणि आल्या आल्या एसी दोन अंशांनी कमी करायची. दुपारभर घरात त्या एसीची घरघर आणि खाली स्विमिंग पूलमध्ये उड्या मारणाऱ्या पोरांचा आरडाओरडा, एवढाच काय तो आवाज. मी किल्लीनं दार उघडून घरात यायचे, झाकून ठेवलेलं जेवायचे आणि राजे उघडून बसायचे. एकटेपणाचा मला त्रास वगैरे होत होता असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण आत्या आली आणि मग कळलं की होत होता.

सुमनआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सांगलीच्या पेठेत तिच्या यजमानांचं मसाल्याचं दुकान होतं. मागे कांडपाची गिरणी, पुढे दुकान, वर घर. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका अचानक गेले, वर्षश्राद्ध झालं आणि बाबांनी आत्याला आणि तिच्या मुलाला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. चार दिवस जरा हवापालट, असं सगळेच म्हणाले. सर्वांत मोठ्यांदा म्हणाले तिचे थोरले दीर, भावजी. मुलाचं नाव आदित्य, पण हाक अद्या. पाचाला टेकलेला, गोल डोक्याचा, जिथे बसवू तिथे बसणारा. निघण्याआधी बाबांनी आत्याला तीन वेळा फोन करून बजावलं होतं की बॅगेत काहीही आण, पण खसखस आणू नकोस, या देशात ती आणली तर थेट तुरुंग. आत्या विमानतळावर उतरली तीच घाबरलेली. खसखस नव्हती, पण मिरच्यांच्या वासानं कस्टमवाल्याला एकामागून एक शिंका आल्या आणि 'यल्ला, यल्ला' करत त्यानं तिला पुढे घालवलं.

पहिले पंधरा दिवस आत्या बोललीच नाही म्हणा ना. खिडकीशी उभी राहायची, नाहीतर भांडी पुन्हा पुन्हा घासायची. आईला कुणी आपल्या ओट्याला हात लावलेला खपत नाही, पण तिनं तेही चालवून घेतलं. मग एक दिवस आत्यानं बॅगेतल्या मिरच्या काढल्या, जमिनीवर पेपर पसरला आणि देठं खुडायला बसली. कशासाठी, तर हाताला चाळा. मीही पुस्तक घेऊन तिच्या समोर बसले आणि तिला बरं वाटावं म्हणून मोठ्यानं राजे वाचायला लागले. मराठीत करून, अर्थातच, माझ्या पद्धतीनं. बुटका पेपिन. टकल्या चार्ल्स. तोतरा लुई. जाड्या लुई. भांडकुदळ लुई. मी काही मनचं घालत नव्हते, त्या राजांची नावंच तशी आहेत, इतिहासात तीच छापली आहेत. आत्याचा हात थांबला. "राजाला टकल्या म्हणायचे?" मी म्हटलं, हो, पुस्तकातच आहे. ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली असणार, कारण अद्या पळत बघायला आला. म्हणाली, "आमच्या गल्लीतलीच माणसं की गं ही सगळी."

तिथून पुढे आमची दुपार बसली. शाळेतून आले की मी जेवायचे, आत्या मिरच्या, धणे, खोबरं, दगडफूल असं काहीतरी समोर घ्यायची आणि म्हणायची, "हं, कुठवर आलो?" ती राजांकडे बघायची ते शेजाऱ्यांकडे बघावं तसं. सहाव्या चार्ल्सला वेडाच्या भरात वाटायचं की आपण काचेचे आहोत, कुणी हात लावला तर फुटू, हे सांगितलं तेव्हा ती कळवळली, त्याच्या बायकोचं काय झालं असेल म्हणाली. चौदाव्या लुईला उठवायला, कपडे घालायला, जेवताना बघायला दरबारातली माणसं गर्दी करायची, हे तिला अजिबात पटलं नाही. जेवताना माणसाकडं टक लावून बघू नये, दृष्ट लागते. आपले शिवाजीमहाराज आणि हा लुई एकाच काळातले हे ऐकल्यावर मात्र ती सावरून बसली, आणि त्यानंतर लुईकडे जरा जास्तच कडक नजरेनं बघायला लागली.

याच काळात आत्यानं आमची इमारत रिकामी केली. झालं असं की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी मसाला मागितला आणि आत्यानं दारं-खिडक्या लावून मिरच्या भाजायला घेतल्या. सांगलीला गिरणीत भाजतात, तिथं वर आभाळ असतं. इथं वर स्मोक अलार्म होता. तो जो केकाटला! सगळ्या मजल्यांवरून माणसं खाली बागेत, लुंग्या, गाऊन, कडेवर पोरं, एक फिलिपिनो बाई तर केसांना रंग लावलेल्या अवस्थेत, आणि सगळे खोकतायत. मधोमध आमची आत्या, हातात झारा. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "मॅडम, फायर किधर है?" तिनं झारा वर करून सांगितलं, "फायर नहीं, मिरची है." आई दवाखान्यातून निघेपर्यंत ही गोष्ट तिच्या कानावर पोचली होती. आईनं कपाळाला हात लावला, पण रात्री त्याच मसाल्याची वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. आणि तेव्हापासून आई घरात असली की आमच्या राजांच्या बैठकीत स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत बसायची. ऐकत नाही असं दाखवत.

मग भावजी यायचं ठरलं. दुबईत खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन होतं, ते बघायला ते येणार होते आणि 'त्यातच सुमनचं काय ते ठरवून टाकू' असं त्यांनी बाबांना फोनवर सांगितलं. काय ठरवायचं ते बाबांनी जेवताना सांगितलं. काकांचं दुकान भावजी पेठेतल्याच आपल्या दुकानात मिळवून घेणार. पाटी एकच राहणार, भावजींची. आत्या वरच्या घरात राहील, तिला काही कमी पडणार नाही, अद्या मोठा झाला की त्याला वाटा मिळेल. बाबांना हे बरंच वाटत होतं, हे मला आजही खरं सांगायला हवं. ते वाईट नव्हते. बहिणीनं पेठेतल्या गड्यांशी, हमालांशी, अडत्यांशी हुज्जत घालत बसू नये, एवढंच त्यांच्या मनात. "सुमी, तुला कशाला ती कटकट?" असं त्यांनी विचारलं. आत्यानं भाताचा गोळा करून अद्याच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेपर न पसरताच बसली. मला म्हणाली की त्या लोकांत राजा मेला आणि पोर लहान असलं तर काय करायचे? मी पुस्तक उघडलं. तिला आधी सांगितलं की फ्रान्सात बाईला गादी नाही. राजाची मुलगी असो, बहीण असो, नाहीच. ते ती आधीही ऐकून होती. पण पोर लहान असेल तर त्याच्या नावानं कारभार आई बघायची, असं कितीदा झालेलं आहे. आणि मग मी तिला ॲनची गोष्ट सांगितली. ही चौदाव्या लुईची आई. मूळची स्पेनची, म्हणजे परकी. लग्नानंतर वीसेक वर्षं मूल नाही. नवऱ्याचा विश्वास नाही. मरायला टेकल्यावर त्यानं लिहून ठेवलं की राणीनं नावापुरतं बसावं, खरं काय ते त्यानं नेमलेल्या मंडळींनी बहुमतानं ठरवावं. तो गेला. ही बाई रडत बसली नाही. चार दिवसांत पोराला घेऊन पॅरिसच्या थोरल्या न्यायसभेत गेली. पोर पाचाच्या आतलं. त्याला जांभळा पोशाख घातला होता, कारण त्यांच्यात राजाचं सुतक जांभळं. त्याला उचलून आत आणलं, गाद्यागिरद्यांच्या उंच आसनावर बसवलं आणि सगळे म्हातारे सरदार खाली. राजाच बसलाय म्हटल्यावर मंडळी काय बोलणार? त्याच बैठकीत नवऱ्याचं लिहिलेलं रद्द झालं आणि सगळा कारभार हिच्या हातात आला. आत्यानं मला मध्ये एकदाच अडवलं. "आणि ती मंडळी? त्यांना हाकललं का तिनं?" नाही, मी म्हटलं, जवळ ठेवलं, सल्ल्याला. आत्या म्हणाली, "शहाणी होती." मग म्हणाली, पोराला उचलून कसं आणलं ते परत सांग.

मी परत सांगितलं. मला वाटलं तिला गोष्ट आवडली. पंधरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार?

बैठक शुक्रवारी सकाळी बसली. तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची. बैठक म्हटलं की घरचा नसलेला एक वडीलधारा माणूस लागतो, म्हणजे आवाज चढत नाहीत. म्हणून बाबांनी खालच्या मजल्यावरच्या पाटणकरकाकांना बोलावलं होतं. ते बँकेत होते आणि कुणाचंही काहीही मिटवून द्यायला एका पायावर तयार असायचे. भावजी मोठ्या सोफ्यावर बसले. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, गळ्यात प्रदर्शनाचं कार्ड अजून तसंच. आल्या आल्या ते इमारतीची पाटी वाचून बाबांना म्हणाले होते, मुघलांच्यात राहता व्हय. माणूस दिलखुलास होता, त्यांनी माझ्यासाठी आंबावडी आणि अद्यासाठी विमान आणलं होतं. म्हणूनच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं, प्रेमानं सगळं काढून घेणाऱ्याशी काय बोलणार? पोहे झाले, चहा झाला, आणि भावजी मुद्द्यावर आले. पाटणकरकाका मान डोलवत होते. बाबा म्हणाले की सुमीला काही विचारायचं का? त्यावर भावजी म्हणाले, सुमनला काय विचारायचं, ती आपलीच आहे. मी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात उभी होते. ते ऐकलं आणि मला कळलं. हे आता असंच होणार, पाच मिनिटांत होणार आणि मग सगळे जेवायला बसणार.

तेवढ्यात बेडरूमचं दार उघडलं. आत्या बाहेर आली, कडेवर अद्या. त्याला न्हाऊ घातलं होतं, तेल लावून भांग पाडला होता, आणि अंगात जांभळा टी-शर्ट, पुढे डायनासोरचं चित्र. ती हॉलच्या मधोमध आली आणि त्याला भावजींच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. पण खुर्ची खोल आणि पोर चिमुकलं, ते आत बुडालं, नुसते पाय दिसायला लागले. आत्या क्षणभर गोंधळली. आणि मग जे झालं ते मी कधीच विसरणार नाही. स्वयंपाकघरातून आई आली, आमची आई, जिला ओट्यावर हळदीचा एक डाग चालत नाही. तिनं सोफ्यावरच्या उशा ओढल्या, एक तर भावजींच्या पाठीमागून काढली, त्या एकावर एक रचल्या आणि अद्याला उचलून त्यांवर बसवलं. मग आत्याच्या शेजारी उभी राहिली.

"भावजी," आत्या म्हणाली, "तुम्ही मोठे. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिला न्हाई. पण दुकानाचा मालक हा इथं बसलाय. त्याला मिशी फुटेपर्यंत गल्ल्यावर मी बसणार. तुम्ही शेजारी बसा, मला चार गोष्टी शिकवा, चुकले तर बोला. पाटी मात्र उतरायची न्हाई."

पाटणकरकाकांना शांतता सहन होत नाही, ते वातावरण हलकं करायला अद्याला म्हणाले, काय मालक, कबूल? आमच्या सोसायटीतल्या पोरांत राहून अद्या दोन महिन्यांत पार बिघडला होता. तो म्हणाला, "येस. कॅन आय गेट डाउन?" आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अजून न्हाई."

भावजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी विचारलं, जरा तुटक आवाजात, "मसाला कोण करणार?" आत्या म्हणाली, "आजवर कोण करत होतं?"

काका माल आणायचे, विकायचे, पण प्रमाण आत्याचं होतं, भाजणं आत्याचं होतं, आणि हे त्या हॉलमध्ये भावजींइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ त्या उशांवरच्या पोराकडे बघत बसले. मला वाटतं त्यांना त्यांचा धाकटा भाऊ दिसला असावा. डोळे भरले होते त्यांचे. बाबा उठले आणि बहिणीशेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "सुमी जाईल परत. मी स्वतः सोडायला येतो." भावजी आईला म्हणाले, वहिनी, अजून एक चहा मिळंल का, कडक. आईनं चहा टाकला. अद्याला खाली उतरवलं, तो विमान घेऊन पळाला. मी बोळातच रडत होते, आणि ते रडू आनंदाचं होतं हे मला रडताना कळत होतं.

आत्या गेली आणि बसली गल्ल्यावर. सोपं नव्हतं, पेठेतल्या अडत्यांनी पहिली दोन वर्षं तिला मिरचीत भिजकी पोती घातली, गडी पळाले, एकदा गिरणीचा पट्टा तुटला. पण भावजी खरोखरच रोज सकाळी येऊन शेजारी स्टुलावर बसायचे. माल हातात घेऊन वास घ्यायचे आणि 'हा नको' म्हणायचे. त्यांची दुकानं दोन राहिली, पाट्या दोन राहिल्या. दुकानात फोन केला आणि कोण बोलतंय विचारलं की आत्या सांगायची, "मालकाची आई." मी पुढे इतिहासच शिकले. बाबांच्या ओळखीतले सगळे म्हणाले, इतिहास घेऊन पोरगी दुबईत काय करणार? बाबा म्हणायचे, आमच्याकडं इतिहासाचा उपयोग होतो. आता मी जबल अलीजवळच्याच एका शाळेत नववीला तोच पहिला धडा शिकवते. घरी माझी मुलगी मला इंग्रजीतच उत्तरं देते, आणि लुईला मराठीत जाड्या म्हटलेलं तिला फार आवडतं.

एक गोष्ट मात्र मी आत्याला त्या दुपारी सांगितली नव्हती, कारण पुस्तकाचं ते पान मी तोवर वाचलंच नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. तो उशांवर बसवलेला लुई मोठा झाला, सगळी सूत्रं स्वतःच्या हातात घेतली, आणि ज्या आईनं त्याच्यासाठी राज्य राखलं तिलाच सल्लागारांच्या बैठकीतून बाहेर ठेवलं.

मागच्या दिवाळीनंतर अद्यानं दुकान हातात घेतलं. पॅकिंगचं मशीन आणलं, गल्ल्याच्या जागी कॉम्प्युटर ठेवला, सगळा हिशेब त्यावर. आत्याची खुर्ची आत भिंतीशी गेली. हे मला आईकडून कळलं आणि मला त्याचा असा राग आला की काय सांगू. मी आत्याला फोन केला. तिचा आवाज नेहमीसारखाच, मागे मशीनची घरघर. इकडचं तिकडचं झालं आणि मग माझ्याच्यानं राहवेना. मी तिला ॲनच्या गोष्टीचा तो उरलेला भाग सांगून टाकला. राजानं आईला कसं बाजूला केलं ते सगळं.

सांगून झाल्यावर वाटलं, उगाच बोलले.

"मग?" तिनं विचारलं. "राज्य बुडालं का त्याचं?"

"नाही आत्या. खूप वाढलं."

"मग झालं तर," आत्या म्हणाली.